प्लोटायनस: अनाथ पोरांचे हिशोब तपासणारा गूढवादी

ओसरी (धागाकर्ता)

तिसऱ्या शतकातला तत्त्वज्ञ प्लोटायनस याचं नाव निघालं की 'नवप्लेटोवादाचा (प्लेटोच्या विचारांवर उभ्या राहिलेल्या नंतरच्या परंपरेचा) जनक' एवढं म्हणून लोक पुढे सरकतात. त्याच्या 'एका'बद्दल, म्हणजे सगळ्याच्या मुळाशी असलेल्या तत्त्वाबद्दल बोलतात, त्याच्या समाधीबद्दल बोलतात. पण हा माणूस दिवसभर करायचा काय, हे सहसा कुणी विचारत नाही. धागा त्यासाठीच काढतोय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: त्याचं वरच्या टोकाचं तत्त्वज्ञान आणि त्याच्या घरातला पोरांचा गोंगाट या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या की प्लोटायनस हाती लागत नाही.

त्याची बहुतेक माहिती येते ती पॉर्फिरी या शिष्याने लिहिलेल्या छोट्या चरित्रातून. गुरू गेल्यावर सुमारे तीस वर्षांनी लिहिलेलं. त्याची सुरुवातच अशी की, हा तत्त्वज्ञ आपण देहात असल्याची लाज वाटावी तसा वागायचा. आईवडील कोण, गाव कुठलं, जन्माचा दिवस कोणता, काही सांगायचा नाही. प्लेटो आणि सॉक्रेटिसचे जन्मदिवस मात्र दरवर्षी साजरे, त्या दिवशी मित्रांना जेवण, आणि ज्याला जमेल त्याने निबंध वाचायचा. अमीलियस हा शिष्य मागे लागला, तुमचं चित्र काढून घेऊ या. हा म्हणाला, निसर्गाने गळ्यात घातलेली ही एक प्रतिमा वागवतोय तेवढी पुरे नाही का, तर प्रतिमेचीही प्रतिमा मागे ठेवायची? अमीलियस वस्ताद. त्याने कार्टेरियस नावाच्या चित्रकाराला व्याख्यानांना आणून बसवलं. वर्ग सगळ्यांना खुले होते. चित्रकाराने रोज नीट निरखून चेहरा मनात साठवला, घरी जाऊन काढला, अमीलियसने दुरुस्त्या सुचवल्या आणि चित्र तयार. गुरूला पत्ताच नाही.

जन्म इ.स. २०४-०५ च्या सुमारास, बहुधा इजिप्तमधला. वयाच्या २८ व्या वर्षी तत्त्वज्ञानाची ओढ लागली. अलेक्झांड्रियातले नावाजलेले गुरू ऐकून दरवेळी तोंड पाडून परत यायचा. शेवटी एका मित्राने अमोनियसकडे नेलं. पहिलं व्याख्यान ऐकून बाहेर आला आणि म्हणाला, मी शोधत होतो तो हाच. पुढे ११ वर्षं तिथून हलला नाही.

तिथेच त्याच्या मनाने घेतलं की इराणी आणि भारतीय तत्त्वज्ञान प्रत्यक्ष जाणून घ्यायचं. २४३ साली तिसरा गॉर्डियन हा कोवळा रोमन सम्राट इराणच्या शापूरविरुद्ध मोहिमेवर होता. ३९ वर्षांचा प्लोटायनस त्या फौजेबरोबर गेला. पुढच्याच वर्षी गॉर्डियन मेसोपोटेमियात मेला. शापूरचा शिलालेख सांगतो, लढाईत मारला. रोमन लेखक बोट दाखवतात गॉर्डियनच्याच फिलिप या अधिकाऱ्याकडे, जो नंतर सम्राट झाला. प्लोटायनस कसाबसा जीव वाचवून अँटिऑकला पोचला आणि तिथून रोमला. भारत राहिला तो राहिलाच.

रोममध्ये तो जेमिना नावाच्या बाईंच्या घरी राहायचा. त्या आणि त्यांची त्याच नावाची मुलगी, दोघीही शिष्या. श्रोत्यांत डॉक्टर होते, सिनेटर होते, कवी होते. आणि आता मुद्दा. शहरातली बडी माणसं, बायाही, मरणाची चाहूल लागली की आपली मुलंबाळं मालमत्तेसकट त्याच्या हवाली करायची. याच्याइतका भरवशाचा पालक दुसरा नाही म्हणून. घर पोरापोरींनी भरून गेलं होतं. पोटामोन नावाच्या पोराचा तर हा पाठ पुनःपुन्हा ऐकून घ्यायचा. त्या मुलांच्या मिळकतीचे कारभारी हिशोब घेऊन आले की बसून बारकाईने तपासायचा. म्हणायचा, पोरं तत्त्वज्ञानाकडे वळेपर्यंत त्यांचं उत्पन्न आणि त्यांची इस्टेट शाबूत राहिली पाहिजे. लोकांचे तंटे सोडवायला बसायचा. २६ वर्षं रोममध्ये लवादाचं काम केलं आणि एकाही अधिकाऱ्याशी वाकडं आलं नाही. हे सगळं करताना जागेपणी त्याचं आतलं अनुसंधान सुटत नसे, असं पॉर्फिरी ठामपणे लिहितो.

काळ कसा होता तेही बघा. २६० मध्ये सम्राट व्हॅलेरियन जिवंतपणी शापूरच्या कैदेत पडला. सरहद्दी फुटलेल्या, साथ सुरू, नाण्यांतली चांदी वर्षागणिक उतरत चाललेली. अशा रोममध्ये हा माणूस 'एका'वर बोलतोय आणि संध्याकाळी कुणाच्या तरी मयत बापाच्या शेतीचा हिशोब बघतोय.

लिहायला लागला तो पन्नाशीच्या आसपास. दृष्टी अधू, अक्षर गिचमिड, शुद्धलेखनाशी वाकडं. एकदा लिहिलेलं दुसऱ्यांदा वाचायचा नाही. पण निबंध पहिल्यापासून शेवटपर्यंत डोक्यात तयार असायचा. मधेच कुणी आलं तर त्याच्याशी नीट बोलून घ्यायचा, आणि तो गेल्यावर मागचं वाक्य न वाचता पुढचं लिहायला घ्यायचा. असे एकूण ५४ निबंध. पॉर्फिरीने ते नऊ-नऊच्या सहा गटांत बसवले, तेच 'एनिअड्स'.

---

चहाटळ

वाचतोय, भारी जमलंय. पण ओसरी, तत्त्वज्ञ घेतलात आणि तत्त्वज्ञान खुंटीला टांगलंत. तो 'एक' म्हणजे आपलं ब्रह्मच ना शेवटी? मग सरळ म्हणा की माल इकडूनच गेलाय. उगाच कशाला आढेवेढे.

---

गोदाकाठ

@चहाटळ, माल इकडून जात होता हे अगदी खरं, फक्त तो बहुतेक मिरी आणि कापड होता. :) पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक सागरी व्यापाराच्या माहितीपुस्तकात भडोच आहे, कल्याण आहे, पैठण आणि तगर म्हणजे आपलं तेरही आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची, म्हणजे बहुधा ग्रीकांची दानं कोरलेली आहेत. समुद्राच्या पलीकडच्या टोकाला अलेक्झांड्रिया. प्लोटायनसच्या जन्माच्या सुमारास तिथला ख्रिस्ती लेखक क्लेमेंट बुद्धाचा नावानिशी उल्लेख करतो.

एक धागा तर प्लोटायनसच्या दारातच येतो. एडेसाच्या बार्डेसान या सिरियाक भाषेतल्या लेखकाने रोमन सम्राटाकडे निघालेल्या भारतीय वकिलातीतल्या लोकांशी बोलून ब्राह्मण आणि श्रमण यांची माहिती लिहून ठेवली. ते लिखाण वापरलं कुणी? पॉर्फिरीनेच, मांसाहार वर्ज्य करण्यावरच्या आपल्या ग्रंथात. तेव्हा या मंडळींना भारत म्हणजे काहीतरी ऐकीव परीकथा होती असं नाही.

---

ओसरी

@गोदाकाठ, बार्डेसानचा मुद्दा मस्त. पण त्यातून हाती येतं ते राहणीमान: काय खातात, कुठे राहतात, मरणाकडे कसे बघतात. उपनिषदातला विचार त्यात नाही.

@चहाटळ, हा वाद जुना आहे. फ्रान्सच्या ब्रेइए या अभ्यासकाने १९२८ च्या पुस्तकात मांडलं की प्लोटायनसमधला काही भाग ग्रीक परंपरेतून उलगडत नाही, त्यासाठी उपनिषदांकडे बघावं लागतं. पुढे आर्मस्ट्राँग या इंग्रज अभ्यासकाने ते खोडलं. मला आर्मस्ट्राँग पटतो. 'शिव' म्हणजे परम कल्याण हे अस्तित्वाच्याही पलीकडे आहे, हे प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये आहे. एकाबद्दल काहीही म्हणता येत नाही, हा खेळ प्लेटोच्याच 'पार्मेनिडीस'मध्ये आहे. म्हणजे सामान घरातलंच होतं. आणि साधी गोष्ट बघा, भारतीय दर्शन त्याला अलेक्झांड्रियात बसून मिळालं असतं तर चाळिशीला टेकलेला, तलवारीशी संबंध नसलेला माणूस फौजेमागे वाळवंटात कशाला जाईल?

शंकराचार्य तर त्याच्यानंतर चारपाचशे वर्षांनी येतात. साम्य आहे, खूप आहे. स्टाल यांनी १९६१ मध्ये अद्वैत आणि नवप्लेटोवाद यांच्या तुलनेवर अख्खं पुस्तक लिहिलं. पण साम्य दिसलं की लगेच 'आमचंच' म्हणायची आपली खोड दोघांच्याही मुळावर येते.

तत्त्वज्ञानाबद्दल मीच बोलत बसण्यापेक्षा तिसरा_प्रहर यांना गळ घालतो. ताई, तुम्ही मूळ वाचलंय. लिहाच.

---

तिसरा_प्रहर

मूळ ग्रीक अडखळत वाचते, शेजारी भाषांतर लागतंच. तरी प्रयत्न करते.

रचना थोडक्यात अशी. सगळ्याच्या मुळाशी 'एक'. त्याला 'आहे' म्हणणंसुद्धा कमीपणाचं, कारण 'आहे' म्हटलं की ते इतर असलेल्या गोष्टींच्या रांगेत जाऊन बसतं. त्यातून बुद्धितत्त्व, ज्यात जाणणारा आणि जाणलेलं अशी पहिली जोडी उभी राहते. बुद्धीतून जीवतत्त्व, जे काळात उतरतं आणि विश्वाला जिवंत करतं. सगळ्यात खाली जडद्रव्य. हे निर्माण होणं म्हणजे कुणी ठरवून केलेलं काम नाही. आगीतून ऊब येते, बर्फातून गारवा येतो, सुगंधी वस्तूभोवती वास दरवळतो, हे दाखले त्याचेच. जे पूर्ण आहे ते ओसंडतं. आणि ओसंडल्याने 'एक' तसूभरही कमी होत नाही.

इथवर कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळेल. मला त्याच्यात खरी धरून ठेवणारी जागा वेगळी आहे, पहिल्या एनिअडमधल्या सुखावरच्या निबंधातली. तो म्हणतो, माणूस अगदी तल्लीन होऊन वाचत असतो तेव्हा 'मी वाचतोय' हे त्याच्या मनात नसतं. शौर्य गाजवणाऱ्याला त्या क्षणी 'मी शूर आहे' असं वाटत नसतं. उलट ही जाणीव मधे आली की कृती पातळ होते. आपण जागरूकता हीच सगळ्यात वरची पायरी धरतो. हा म्हणतो, छे, ती बऱ्याचदा अडथळाच असते. आत्म्याचा एक भाग सतत वरच असतो, तो कधी खाली उतरलेलाच नाही. आपल्याला त्याची जाणीव नसते, एवढंच. हे मत त्याच्या काळातही अनेकांना पटलं नव्हतं, आणि त्याच्याच परंपरेतल्या पुढच्या मंडळींनी ते टाकून दिलं.

ओसरी, तुमच्या हिशोबांच्या मुद्द्याला हे बळ देतं असं मला वाटतं. वरचं आणि खालचं एकाच वेळी चालू शकतं हा त्याचा सिद्धांतच होता. जेमिनाबाईंच्या घरात त्याने तो वापरला.

दुसरी जागा तिसऱ्या एनिअडच्या आठव्या निबंधात. सुरुवात तो थट्टेने करतो: गंभीर होण्याआधी जरा खेळू या, आणि म्हणू या की प्राणीच नव्हे तर झाडं आणि त्यांना वाढवणारी माती, सगळं काही चिंतनाकडेच धाव घेतंय. मग निसर्गालाच बोलतं करतो. तू हे सगळं का घडवतोस असं कुणी विचारलंच, तर निसर्ग म्हणेल: विचारू नये, मुकाट्याने समजून घ्यावं, मी कसा मुका आहे, बोलायची मला सवय नाही. भूमितीवाले आकृत्या बघत बघत रेषा काढतात. निसर्ग रेषा काढत नाही, तो नुसता बघतो आणि रेषा उमटत जातात.

---

खडूस_वाचक

छान छान चाललंय म्हणून जरा मिठाचा खडा टाकतो.

पॉर्फिरीच्याच चरित्रात एक प्रसंग आहे, तो ओसरींनी सफाईने गाळलाय. त्याच घरात खीओनी नावाची विधवा राहायची. तिचा हार चोरीला गेला. सगळ्या गुलामांना प्लोटायनससमोर उभं केलं. त्याने एकेकाकडे पाहिलं आणि एकावर बोट ठेवलं: चोर हा. त्याला फटके मारले. आधी तो नाकारत राहिला, शेवटी कबूल झाला आणि हार आणून दिला. पॉर्फिरी ही गोष्ट गुरूच्या अंतर्ज्ञानाचा पुरावा म्हणून सांगतो! मार खाल्लेला माणूस कबूल होतो यात अंतर्ज्ञान कुठलं? बाईचं नाव दिलंय, गुलामाचं नाही.

आणि लिखाण काढा. दैवयोजनेवरच्या निबंधात युद्धं, कत्तली, शहरांची लुटालूट म्हणजे रंगमंचावरचे प्रवेश. मेलेला नट कपडे बदलून पुन्हा येतो. तालीम न केलेल्या पोरांना दांडगी पोरं लोळवून लुबाडत असतील तर दोष लोळणाऱ्यांचाच. साथीने शहर पिंजून निघत असताना हे लिहायचं? याला तुम्ही करुणा म्हणणार का? मला तर हा वरच्या मजल्यावरून खाली बघणारा माणूस दिसतो.

---

चहाटळ

+१ खडूस. फटक्यांचं माहीत नव्हतं.

---

ओसरी

हाराचा प्रसंग तसाच आहे आणि तो ओंगळच आहे. गुलामगिरीबद्दल त्या वर्तुळात कुणी ब्र काढल्याचं दिसत नाही. रोगाटियानस या सिनेटरने प्लोटायनसच्या प्रभावाखाली सगळी मालमत्ता सोडली, सगळ्या गुलामांना निरोप दिला, पदाचा राजीनामा दिला. प्रेटर (रोममधला वरिष्ठ न्यायाधिकारी) म्हणून मिरवायचं होतं त्या दिवशी दाराशी शिपाई येऊन थांबलेले, हा बाहेरच आला नाही. पण त्यातही भर आहे तो त्याच्या त्यागावर. त्या गुलामांचं पुढे काय झालं, पॉर्फिरीला त्यात रस नाही. एक दिवसाआड जेवल्याने रोगाटियानसचा संधिवात बरा झाला, हे मात्र आवर्जून लिहिलंय.

रंगमंचाच्या दाखल्याबद्दल माझं मत तुमच्यापेक्षा वेगळं आहे. लिखाणात तो थंड आहे, मान्य. पण समोर माणूस आला की तो दाखला वापरत नाही. पॉर्फिरी एकदा मनाने पार खचला होता, जीव द्यायच्या विचारात होता. कुणाला बोलला नव्हता. प्लोटायनस अचानक त्याच्या खोलीवर आला आणि म्हणाला, ही तुझ्या बुद्धीने काढलेली वाट नाही, हा पित्ताचा विकार आहे; तू रोममधून बाहेर पड, हवापालट कर. 'मरण म्हणजे कपडे बदलणं' असं स्वतःच लिहिणाऱ्या माणसाने शिष्याला तत्त्वज्ञान ऐकवलं नाही, प्रवासाला पाठवलं. पॉर्फिरी २६८ च्या सुमारास सिसिलीला गेला आणि वाचला. म्हणूनच आज एनिअड्स आहेत.

वर्गातही तसंच. पॉर्फिरी एकदा तीन दिवस एकच प्रश्न विचारत राहिला, जीव देहाशी जोडलेला असतो तो कसा. थॉमासियस नावाचा कुणी कंटाळला. म्हणाला, आम्हाला नीट मांडलेलं व्याख्यान हवंय, ही प्रश्नोत्तरं नकोत. प्लोटायनस म्हणाला, पॉर्फिरीच्या शंका सुटल्या नाहीत तर मांडायला आपल्याकडे असेल काय?

---

इंद्रायणीतीर

चर्चा उत्तम चालू आहे. एक भर घालतो. आपल्याकडे तुलना नेहमी शंकराचार्यांशी होते, पण 'अमृतानुभव' वाचलेल्यांना प्लोटायनस जास्त ओळखीचा वाटेल असे माझे मत आहे. ज्ञानदेव सातव्या प्रकरणात अज्ञानाचे खंडन करतात आणि जग हा चैतन्याचा विलास मानतात. जग खोटे ठरवून ते मोकळे होत नाहीत. प्लोटायनसही विश्वाला भ्रम म्हणत नाही. ते मुळाचे सुंदर प्रतिबिंब आहे असे म्हणतो.

फरक कुठे पडतो, तर तळाशी. प्लोटायनस उतरत उतरत जडद्रव्यापाशी येतो आणि त्याला केवळ अभाव, प्रसंगी दुष्टाव्याचे मूळ म्हणतो. प्रकाश तिथे संपतो. ज्ञानदेवांच्या मांडणीत असा अंधारा तळ नाही. परिणाम देहाकडे बघण्यावरही होतो. देहाची लाज वाटणारा माणूस वारकरी परंपरेत शोभला नसता.

---

तिसरा_प्रहर

@इंद्रायणीतीर, तळाबद्दल सहमत. त्यात एक गंमत आहे. जग वाईट आहे असं म्हणणाऱ्यांवर सगळ्यात कडाडून तुटून पडला तो हाच. त्याच्या वर्गातच ज्ञानवादी पंथाचे काही मित्र बसायचे. सृष्टी कुण्या अडाणी निर्मात्याने बिघडवून ठेवली, असं मानणारे. त्यांच्याविरुद्धच्या निबंधात तो म्हणतो: एकाच सुंदर घरात दोघे राहतात. एक जण घराला आणि बांधणाऱ्याला शिव्या घालतो, पण मुक्काम हलवत नाही. दुसरा शिव्या देत नाही, कारागिराचं कौतुक करतो आणि निघायची वेळ येईल तेव्हा निघायला तयार असतो. यातला पहिला स्वतःला जास्त शहाणा समजतो, आणि घर सोडवत नाही ते मात्र त्यालाच!

या मंडळींकडे झोस्ट्रिआनोस, आल्लोजेनीस अशा नावांचे 'साक्षात्कार-ग्रंथ' होते, असं पॉर्फिरी लिहितो. अमीलियसने एकट्या झोस्ट्रिआनोसच्या खंडनासाठी ४० भाग लिहिले. ते सगळे भाग गडप झाले. आणि १९४५ मध्ये इजिप्तमध्ये नाग हम्मादीला मडक्यात पुरलेली जुनी कॉप्टिक हस्तलिखितं सापडली, त्यात याच नावांचे ग्रंथ निघाले. खंडन गेलं, ज्याचं खंडन केलं ते राहिलं.

---

गोदाकाठ

अवांतर: प्लॅटोनोपोलिसबद्दल कुणीच लिहिलं नाही? सम्राट गॅलिएनस आणि राणी सलोनिना दोघेही प्लोटायनसला मानायचे. त्याने त्यांच्याकडे इटलीतल्या कांपानिया प्रांतातलं एक उजाड गाव मागितलं. तिथे प्लेटोच्या कायद्यांप्रमाणे चालणारं तत्त्वज्ञांचं शहर वसवणार होता. दरबारातल्या काही जणांनी द्वेषाने म्हणा, कशाने म्हणा, ते होऊ दिलं नाही.

---

खडूस_वाचक

बरं झालं नाही दिलं. दोन वर्षांत पाणीपट्टीवरून 'एका'चे दोन झाले असते.

---

चहाटळ

=)) =))

पण तंटे सोडवायला तो स्वतः होताच की.

---

नाडीपरीक्षा

वैद्यकीय क्षेत्रात आहे म्हणून विचारतो. त्याच्या शेवटच्या आजाराबद्दल काय लिहिलंय? कुठेतरी कुष्ठरोग असं वाचलं होतं.

---

ओसरी

पॉर्फिरीचं वर्णन असं. प्लोटायनस सार्वजनिक स्नानगृहात जात नसे, रोज घरी अंग चोळून घ्यायचा. साथीत अंग चोळणारी माणसं मेली, ते बंद झालं, आणि त्यानंतर आजार बळावला. आवाज घोगरा होऊन बसला, नजर धूसर झाली, हातापायांना जखमा झाल्या. भेटणाऱ्या प्रत्येकाला तोंडाने अभिवादन करायची त्याची सवय, म्हणून मित्र टाळू लागले. मग तो रोम सोडून कांपानियात, झेथस या मयत मित्राच्या शेतावर जाऊन राहिला. मांसाहार वर्ज्य असल्याने जनावरांपासून बनवलेली औषधंही त्याने कधी घेतली नव्हती. २७० साली, ६६ व्या वर्षी गेला. पॉर्फिरी तेव्हा सिसिलीत, अमीलियस सीरियात. जवळ फक्त युस्टोखियस हा डॉक्टर शिष्य, तोही पुतिओलीहून उशिरा पोचला. 'तुझीच वाट बघत होतो' म्हणाला, आणि आपल्यातल्या देवाला विश्वातल्या देवत्वाकडे परत न्यायचा प्रयत्न करा, अशा अर्थाचं काहीतरी. नेमके शब्द कोणते यावर अभ्यासकांत एकमत नाही, हस्तलिखितांत पाठभेद आहेत.

---

नाडीपरीक्षा

धन्यवाद. कुष्ठरोग म्हणतात, क्षयही म्हणतात, पण एवढ्या वर्णनावर मी तरी निदान लिहून देणार नाही. आवाज आणि जखमा दोन्ही देणारे आजार बरेच आहेत. शिवाय वर्णन करणारा तिथे हजर नव्हता. मित्र टाळायला लागले हा भाग मात्र वाचून वाईट वाटलं. पोरं सांभाळणाऱ्या माणसाजवळ शेवटी एकच जण.

---

तिसरा_प्रहर

@खडूस_वाचक, तुमच्या 'थंड' या आक्षेपावर एक पुरवणी. सुखावरच्या त्याच निबंधात एक वाक्य आहे, साधारण अर्थ असा: लाकडं-दगड कोसळले आणि मर्त्य माणसं मेली याला जो फार मोठी गोष्ट मानतो, तो मोठा नव्हे. वाचायला कोरडंठाक. ४३० साली व्हँडल या जर्मानिक टोळीच्या फौजांनी उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोला वेढा घातला होता, आत म्हातारा ख्रिस्ती धर्मगुरू ऑगस्टीन मरणाच्या दारात होता. त्याचा चरित्रकार पॉसिडियस लिहितो की त्या दिवसांत ऑगस्टीन एका शहाण्या माणसाचं हेच वाक्य मनाशी म्हणत धीर धरायचा. वरच्या मजल्यावरून म्हटलेलं वाक्य तळमजल्यावरच्या माणसाच्या कामी आलं, तेही दुसऱ्या धर्माच्या.

---

खडूस_वाचक

ऑगस्टीन बिशप होता हो, तळमजल्यावरचा कसला. पण प्रसंग चांगला आहे. फटक्यांबद्दलचं माझं म्हणणं कायम.

---

चहाटळ

बरं, आता वाचायचं म्हटलं तर सुरुवात कुठून करू? ५४ निबंध बघूनच घाम फुटला. आणि ती समाधीबिमाधी कुठे आहे?

---

तिसरा_प्रहर

इंग्रजी चालत असेल तर आर्मस्ट्राँगचं भाषांतर घ्या, सात खंड, समोरासमोर ग्रीक. मकेनाचं जुनं भाषांतर वाचायला जास्त देखणं आहे, पण काही ठिकाणी तो स्वतःच रंगात येतो.

पहिल्या पानापासून अजिबात सुरू करू नका. पॉर्फिरीने क्रम विषयाने लावलाय, लिहिल्याच्या क्रमाने नाही. प्लोटायनसने आधी लिहिलेला निबंध सौंदर्यावरचा, पहिल्या एनिअडमधला सहावा. तो पहिला वाचा. त्यात मूर्तिकाराची जागा आहे: स्वतःकडे बघ, सुंदर नसशील तर मूर्तिकार करतो तसं जास्तीचं काढून टाक, वाकडं ते सरळ कर, आणि आपली मूर्ती घडवणं थांबवू नकोस. समाधी हवी तर चौथ्या एनिअडच्या आठव्या निबंधाची सुरुवात बघा. 'देहातून जागा होऊन मी अनेकदा माझ्यातच येतो' असं तो प्रथमपुरुषी लिहितो, आणि लगेच प्रश्न विचारतो, मग मी पुन्हा खाली आलो तरी कसा? त्याचा ओढा त्या प्रश्नाकडे जास्त आहे. मी जवळ होतो तेवढ्या काळात त्याला हा अनुभव चार वेळा आला, असं पॉर्फिरी सांगतो. स्वतः पॉर्फिरीला एकदा, वयाच्या ६८ व्या वर्षी.

सहाव्या एनिअडचे पहिले तीन निबंध पहिल्या फेरीत सोडून द्या, ॲरिस्टॉटल मुरलेला नसेल तर डोकं दुखेल. आणि एक गोष्ट भाषांतराच्या अनुक्रमणिकेवर पेन्सिलीने लिहून ठेवा. नऊच्या पाढ्यात बसणारी संख्या जुळवायला पॉर्फिरीने काही लांब निबंध कापलेत. निसर्ग बोलतो तो निबंध, बुद्धिगम्य सौंदर्यावरचा, 'बुद्धीबाहेर काही नाही' हा, आणि ज्ञानवाद्यांविरुद्धचा, हे चार मुळात एकच सलग लिखाण होतं असं बहुतेक अभ्यासक मानतात. आज ते तीन वेगवेगळ्या गटांत विखुरलेत: ३.८, ५.८, ५.५, २.९. याच क्रमाने एकापाठोपाठ वाचा.